मासानिएल्लोचा उठाव (१६४८): चित्रातला नायक इतका लहान का?

चित्रवेडी

रोमच्या स्पादा संग्रहालयात जाणारे बहुतेक लोक बोरोमिनीने बांधलेला फसवा बोळ बघायला जातात. जेमतेम नऊ मीटरचा तो बोळ तिप्पट-चौपट लांब वाटतो. बोळ बघावाच, पण नंतर वरच्या चार दालनांत जायला विसरू नका. भिंतींवर थेट छतापर्यंत चित्रं टांगलेली आहेत, सतराव्या शतकात कार्डिनलच्या घरी असायची तशी, आणि त्या दाटीत 'मासानिएल्लोचा उठाव' हे चित्र आहे. आकाराने मोठं नसल्याने नजरेतून सुटू शकतं.

चित्रात नेपल्सचा बाजारचौक आहे, पियात्सा मेर्कातो. मागे कार्मिने चर्चचा उंच मनोरा, भोवती घरं आणि मधे माणसंच माणसं. त्या माणसांत घोड्यावर बसलेला एक तरुण. तो मासानिएल्लो.

हा तरुण कोळी होता. पूर्ण नाव तोमाझो आनिएल्लो, जन्म १६२०चा. ७ जुलै १६४७ला, रविवारी, फळांवरच्या करावरून या चौकात भांडण पेटलं आणि दिवस मावळायच्या आत स्पेनच्या व्हाइसरॉयला राजवाडा सोडून पळावं लागलं. पुढचे नऊ-दहा दिवस युरोपातलं एक सर्वांत मोठं शहर या सत्तावीस वर्षांच्या पोराच्या शब्दावर चाललं. १६ जुलैला त्याचा खून झाला.

चित्र १६४८चं आहे, म्हणजे घटनेनंतर वर्षभरातलं. इमारती विवियानो कोदात्सीने रंगवल्या आणि माणसं मिकेलांजेलो चेर्क्वोत्सीने. एवढी ताजी घटना, तीही गरिबांनी केलेल्या बंडाची, त्या काळी कॅनव्हासवर सहसा येत नसे. तेव्हा इतिहासचित्र म्हणजे बायबल, रोमन सम्राट, नाहीतर राजाने जिंकलेली लढाई. इथे मात्र टोपल्या, फळविके, अनवाणी पोरं.

मला बोलायचंय ते नायकाच्या आकाराबद्दल. तो बोटभर आहे. आधी चौक दिसतो, मग गर्दी आणि मग तो. माझ्या मते चित्राचा सगळा खरेपणा यातच आहे. उठाव चौकाने केला, मासानिएल्लो त्या चौकातला एक होता. चित्रकारांना हे कळलं होतं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

खलाशी

सुंदर धागा. फळांवर कर लागला म्हणून एवढं मोठं शहर उलथलं हे पटायला जड जातंय. आधीपासून काही धुमसत असणार. आणि हा कोळी पुढारी कसा झाला, तेही लिहा ना.

चित्रवेडी

@खलाशी, तो राहायचा चौकाला लागूनच्या गल्लीत. मासे विकायचा, आणि कर चुकवून बड्या घरी मासे पोचवायचा असंही सांगतात. त्याची बायको बेर्नार्दिना हिला जकातवाल्यांनी पकडलं होतं. तान्ह्या बाळासारखं गुंडाळून तिने थोडं पीठ शहरात आणलं होतं, कर न भरता. तिला तुरुंगात टाकलं आणि सोडायला शंभर डुकाट (तेव्हाची नाणी) मागितले. ते भरताना मासानिएल्लो कर्जात बुडाला. हा राग त्याच्या घरातला होता.

तो स्वतःही तुरुंगात जाऊन आला होता. त्याच्यामागे डोकं होतं ते जुलियो जेनोइनोचं. ऐंशीच्या घरातला हा वकील-पाद्री सामान्य जनतेला सरदारांच्या बरोबरीने मतं मिळावीत म्हणून आयुष्यभर झगडला होता आणि त्यापायी वर्षानुवर्षं कैदेत राहिला होता. मागण्या त्याने मांडल्या, लोक मासानिएल्लोने उभे केले.

आणखी एक बारकावा. १६ जुलैला कार्मेलच्या मातेचा, म्हणजे मरियमचा सण असतो. त्या वेळी चौकात पोरांची लुटुपुटीची लढाई व्हायची, हातात वेताच्या काठ्या घेऊन. त्या वर्षी पोरांना जमवून तालीम देणारा मासानिएल्लोच होता. ७ जुलैला चौकात भांडण झालं तेव्हा ही फौज तयार उभी होती.

मास्तर

खलाशींच्या प्रश्नाला थोडी भर घालतो.

स्पेन तेव्हा तीस वर्षांच्या युद्धात रुतला होता. फ्रान्सशी लढाई, १६४०पासून कातालोनिया आणि पोर्तुगालमध्ये बंड, हॉलंडशी जुनं वैर. या सगळ्याचा पैसा नेपल्सच्या राज्यातून उपसला जायचा. सरकारला रोख हवी असायची, म्हणून कर वसुलीचे हक्क सावकारांना विकले जात. सावकार आधी पैसे देणार आणि मग जनतेकडून व्याजासकट काढणार. पीठ, मीठ, तेल, वाईन, सगळ्यावर कर बसले. बोजा पडायचा शहरातल्या गरिबावर, कारण सरदारांना आणि चर्चला सवलती होत्या.

उरली होती ताजी फळं. उन्हाळ्यात भाकरीबरोबर फळ हे गरिबाचं जेवण होतं आणि ते स्वस्त मिळायचं. आर्कोसच्या ड्यूकने, म्हणजे व्हाइसरॉयने, १६४७च्या सुरुवातीला त्यावरही कर बसवला. जूनमध्ये चौकातली करवसुलीची चौकी कुणीतरी पेटवून दिली. त्याआधी मे महिन्यात सिसिलीत पालेर्मोच्या लोकांनी उठून आपल्यावरचे कर काढून घेतले होते आणि ती बातमी नेपल्सला पोचली होती. ७ जुलैला नेपल्सजवळच्या पोत्सुओलीहून फळं घेऊन आलेल्या लोकांनी कर भरायला नकार दिला, लोकप्रतिनिधी म्हणवणारा नाक्लेरियो मध्यस्थीला आला आणि फळंच त्याच्यावर भिरकावली गेली.

घोषणा कोणती होती बघा: स्पेनचा राजा चिरायू होवो, वाईट राज्यकारभार मरो. राजाविरुद्ध नव्हता तो उठाव, निदान मासानिएल्लोच्या हयातीत नव्हता. त्यांना सम्राट पाचव्या चार्ल्सने दिलेले जुने हक्क परत हवे होते.

निळावंती

मी काही वर्षं नेपल्सला राहिले आहे, म्हणून दुसऱ्या एका चित्राबद्दल लिहिते. शहराच्या वर टेकडीवर सान मार्तिनोचा जुना मठ आहे, आता तिथे संग्रहालय आहे. तिथे याच उठावाचं दोमेनिको गार्जुलोने काढलेलं चित्र आहे. बाप तलवारी घडवायचा म्हणून गार्जुलोला सगळे मिक्को स्पादारो म्हणत.

तोच चौक, तोच कार्मिने. पण बघताना अंगावर काटा येतो. चौकाच्या मधोमध एक स्तंभासारखं बांधकाम आहे आणि त्यावर कापलेली मुंडकी रांगेने लावली आहेत. रोमच्या चित्रात बाजार अजून बाजार आहे. इथे तो न्यायासन झालाय, वधस्तंभही झालाय. आणि चित्र एका क्षणाचं नाही. वेगवेगळ्या दिवशी घडलेलं त्याने एकाच चौकात भरलंय, त्यामुळे डोळा एका घोळक्यावरून दुसऱ्यावर जातो आणि जुलैचे ते दिवस समोरून सरकत जातात.

त्याच संग्रहालयात स्पादारोचं जोसेप्पे काराफा या सरदाराच्या हत्येचंही चित्र आहे. तेही नक्की बघा.

आता धाग्याच्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट: कोदात्सी नेपल्समध्ये दहा-पंधरा वर्षं होता आणि तिथे त्याच्या इमारतींमध्ये माणसं रंगवायचा तो हाच स्पादारो! १६४७च्या गडबडीत कोदात्सी रोमला निघून गेला आणि तिथे चेर्क्वोत्सीबरोबर काम करू लागला. म्हणजे ही दोन चित्रं एका मोडलेल्या जोडीतून आलेली आहेत. एक शहर सोडून गेला, दुसरा तिथेच राहिला.

चित्रवेडी

@निळावंती, या माहितीसाठी शतशः धन्यवाद. रोमच्या चित्रातला चौक इतका नेमका आणि माणसं मात्र रोमच्या गल्लीतली वाटतात, त्याचं कारण हेच. चौक कोदात्सीच्या ओळखीचा होता. चेर्क्वोत्सी रोमचाच.

सुतारपक्षी

मला धाग्याचा मूळ मुद्दा मान्य नाही, स्पष्टच लिहितो.

चित्र कुणी विकत घेतलं ते बघा. कार्डिनल बेर्नार्दिनो स्पादा. हा माणूस १६२३ ते १६२७ पॅरिसला पोपचा राजदूत होता आणि त्याचा ओढा फ्रान्सकडे होता. स्पेनची फजिती झालेली त्याला भिंतीवर हवीच होती. पण एका कोळ्याला नायक करून दिवाणखान्यात टांगणं त्याला परवडणारं होतं का? म्हणून नायक लहान. घोड्यावर बसवला, पण गर्दीत हरवून टाकला. त्यामुळे बंड हा एक मजेदार देखावा झाला: बघा हो नेपल्सची रयत कशी खवळली!

शिवाय चेर्क्वोत्सी बांबोच्यांती गटातला. या मंडळींचा धंदाच रस्त्यावरच्या गरिबांची छोटी चित्रं काढून श्रीमंतांना विकण्याचा. त्यांच्या सगळ्याच चित्रांत माणसं बोटभर असतात. त्यात 'उठाव चौकाने केला' असा विचार शोधणं म्हणजे आजचं मन त्यांच्या डोक्यात घालणं.

ज्याने जीव दिला त्याला चेहरा मिळायला हवा होता. तो या चित्राने दिला नाही.

चित्रवेडी

@सुतारपक्षी, कार्डिनलच्या राजकारणाबद्दल तुमचं म्हणणं योग्य आहे. बांबोच्यांतींचंही.

पण एक सांगा, चेर्क्वोत्सीला लढायांची चित्रं काढणारा म्हणूनही नाव होतं. उधळलेले घोडे, उपसलेल्या तलवारी त्याच्या हातातच होत्या. त्याला पुढे मोठा घोडा आणि त्यावर वीरपुरुष काढता येत नव्हता असं नाही, पण इथे त्याने तसं काढलं नाही. ज्या हाताने तो सणाचा बाजार काढायचा त्याच हाताने त्याने हा उठाव काढला. विक्रेता, पोरगं, बाई, भिकारी, प्रत्येकाला अंगविक्षेप आहे, प्रत्येक जण कशात तरी गुंतलाय. घेणाऱ्याचा हेतू काहीही असो, कॅनव्हासवर उरली ती माणसं. श्रीमंताच्या घरी टांगलं म्हणून ती खोटी होत नाहीत.

आणि मोठा चेहरा दिला असता तर मागचा मास्तरांनी सांगितलेला इतिहास, पीठ, फळं, सावकार, पोत्सुओलीचे शेतकरी, हे सगळं त्या चेहऱ्यामागे गेलं असतं.

दक्षिणवारा

दोन्ही बाजू वाचल्या. मला वाटतं स्पादारोच्या चित्रातल्या मुंडक्यांवर बोलल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही.

१० जुलैला माद्दालोनीच्या ड्यूकने, म्हणजे एका बड्या सरदाराने पाठवलेल्या डाकूंनी कार्मिने चर्चमध्ये मासानिएल्लोवर गोळ्या झाडल्या. तो वाचला. मग जमावाने डाकूंना कापलं, आणि ड्यूकचा भाऊ जोसेप्पे काराफा, ज्याला लोक 'पेप्पे' म्हणत, त्याला शोधून काढून मारलं. त्याचं मुंडकं चौकात लावलं गेलं. करवसुलीतून गब्बर झालेल्यांची घरं जाळली. त्या वेळच्या बखरकारांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे: सामान बाहेर काढून रस्त्यावर जाळलं जायचं, लुटून न्यायला बंदी होती. रेशीम, चांदी, चित्रं, सगळं आगीत. चोरी करणाऱ्याला मासानिएल्लो कडक शिक्षा द्यायचा.

मला हे दोन्ही एकत्र धरून ठेवावंसं वाटतं. आपण लोकनायकावर प्रेम करतो तेव्हा मुंडकी बाजूला सारतो, आणि ज्यांना तो आवडत नाही ते फक्त मुंडकी दाखवतात. स्पादारोने दोन्ही दाखवलं, म्हणून माझं मत त्याच्या चित्राला.

खलाशी

आणि शेवट? त्याला वेड लागलं होतं असं कुठेतरी वाचलं होतं.

मास्तर

@खलाशी, ११ जुलैला तो व्हाइसरॉयला भेटायला राजवाड्यात गेला. कोळ्याचे कपडे उतरवून त्याला चंदेरी पोशाख घालायला लावला होता. १३ तारखेला कॅथेड्रलमध्ये करार वाचला गेला आणि व्हाइसरॉयने त्याचं पालन करण्याची शपथ घेतली. कागदावर जिंकलेच होते ते.

त्यानंतर त्याचं वागणं बिघडत गेलं. झोप नाही, भलतेच हुकूम, लहानसहान कारणावरून शिक्षा. राजवाड्यात त्याला काहीतरी पाजलं अशी वदंता तेव्हापासून आहे. मला वाटतं, आठवडाभर न झोपलेला, सगळीकडून जिवावर टपलेली माणसं असलेला आणि एका रात्रीत लाखो लोकांचा मालक झालेला सत्तावीस वर्षांचा माणूस ढासळायला विषाची गरज नाही. जवळचे लोकही दूर झाले. जेनोइनोने व्हाइसरॉयशी जुळवून घेतलं.

१६ जुलैला, सणाच्या दिवशी, तो कार्मिने चर्चमध्ये व्यासपीठावर चढून लोकांशी बोलला. आपल्याला मारणार आहेत हे त्याने सांगितलं, मग बोलता बोलता कपडे उतरवू लागला. लोक हसले. शेजारच्या मठात नेल्यावर त्याला गोळ्या घातल्या, डोकं कापून व्हाइसरॉयकडे नेलं, धड खंदकात फेकलं.

आणि दुसऱ्याच दिवशी पाव लहान झाला! त्याच पैशात कमी वजनाचा पाव मिळू लागला. तेव्हा तेच लोक गेले, धड शोधलं, डोकं आणून शिवलं आणि हजारोंच्या गर्दीत त्याला कार्मिनेत पुरलं. राजाला शोभेल अशी अंत्ययात्रा निघाली.

निळावंती

ती कबरही टिकू दिली नाही. १७९९मध्ये नेपल्सचं प्रजासत्ताक चिरडल्यावर राजा फेर्दिनांदोच्या हुकमाने अवशेष तिथून काढून टाकले. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या कोळ्याची राजाला भीती वाटत होती. त्याच चौकात त्या वर्षी प्रजासत्ताकवाद्यांना फाशी दिलं. आणि १२६८मध्ये जर्मन राजघराण्यातल्या सोळा वर्षांच्या कोनरादिनोचा शिरच्छेदही इथलाच. तोही कार्मिनेतच पुरलेला आहे.

आज चौकात गेलात तर मनोरा तसाच दिसतो, पंचाहत्तर मीटर उंच. दर वर्षी १५ जुलैच्या रात्री त्यावर फटाके लावून मनोरा पेटल्यासारखा देखावा करतात. अख्खी वस्ती रस्त्यावर असते. रोमचं चित्र बघून जाल तर चौकात उभं राहिल्यावर पटकन दिशा लागते.

सुतारपक्षी

एक जुनी दंतकथा बाजूला करायची राहिली. अठराव्या शतकातल्या दे दोमिनिचीने नेपल्सच्या चित्रकारांची चरित्रं लिहिली. त्यात आनिएल्लो फाल्कोने, साल्वातोर रोसा आणि आपला स्पादारो यांनी 'मृत्यूची टोळी' काढून मासानिएल्लोच्या बाजूने स्पॅनिश सैनिकांना मारलं असं आहे. इंटरनेटवर हे बिनदिक्कत फिरतं. साल्वातोर रोसा तेव्हा फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या आश्रयाला होता. स्पादारोला क्रांतिकारक ठरवण्याची घाई नको. त्याने बघितलं आणि काढलं, हे पुरेसं आहे.

दक्षिणवारा यांचं म्हणणं मात्र मला पटतं. चेहऱ्याचा माझा आग्रह स्पादारोसमोर थोडा सैल होतो, कारण तिथे निदान किंमत दिसते. रोमच्या चित्राबद्दल माझं मत कायम आहे.

रानपाखरू

उशिरा आले, पण चेहरा देण्याच्या मुद्द्यावर दुसरं उदाहरण देते. जेनोआचा बालिल्ला. ५ डिसेंबर १७४६ला ऑस्ट्रियन सैनिकांची तोफ पोर्तोरिया भागातल्या रस्त्यात रुतली, त्यांनी लोकांना ती ओढायला फर्मावलं आणि एका पोराने दगड मारून उठावाला सुरुवात केली. तो पोरगा कोण हेही इतिहासकारांत वादाचं आहे. पण इटलीच्या एकीकरणाच्या काळात त्याला पक्का चेहरा मिळाला, तो राष्ट्रगीतात आला, पोर्तोरियात दगड उगारलेला पुतळा उभा राहिला. पुढे १९२६मध्ये मुसोलिनीने तोच चेहरा उचलला आणि मुलांना कवायत शिकवणाऱ्या फॅसिस्ट संघटनेला बालिल्लाचं नाव दिलं. परक्या सैन्याला दगड मारणाऱ्या पोराच्या नावाने लाखो मुलांना गणवेश घालून रांगेत उभं केलं!

एकटा, देखणा, दगड उगारलेला मुलगा कुठल्याही सत्तेला उचलून नेता येतो. स्पादा संग्रहालयातल्या त्या गर्दीचं काय करणार? त्यातून एकाला वेगळं काढताच येत नाही. म्हणून माझं मत चित्रवेडीताईंना.

सुतारपक्षी

@रानपाखरू, हा मुद्दा वजनदार आहे. पण मासानिएल्लोचा चेहराही लोकांनी उचललाच, आणि तो सत्तेच्या विरोधात. तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय की स्पिनोझाच्या चित्रवहीत एका कोळ्याचं चित्र होतं, अंगात सदरा, खांद्यावर जाळं, मासानिएल्लोसारखं, आणि तोंडवळा खुद्द स्पिनोझाचा. १८३०मध्ये ब्रसेल्सला मासानिएल्लोवरच्या ऑपेराच्या प्रयोगानंतर लोक रस्त्यावर आले आणि त्यातून बेल्जियम स्वतंत्र झाला. गर्दीचं चित्र मनात साठवून कुणी घरी जाऊन स्वतःला त्यात काढत नाही. त्याला एक माणूस लागतो.

चित्रवेडी

@सुतारपक्षी, स्पिनोझाचं उदाहरण मला फार आवडलं. पण त्यानेही घोड्यावरचा, चंदेरी पोशाखातला मासानिएल्लो काढला नाही हे बघा. जाळं खांद्यावर टाकलेला कोळीच काढला.

दक्षिणवारा

सान मार्तिनोला जाणाऱ्यांसाठी: स्पादारोचं १६५६च्या प्लेगचं चित्रही तिथेच आहे. चौक दुसरा, मेर्कातेल्लो, आज ज्याला पियात्सा दान्ते म्हणतात. पण पद्धत तीच, उंचावरून पाहिलेला चौक आणि बोटभर माणसं. फक्त या वेळी ती मेलेली किंवा मरणारी. त्या साथीत नेपल्सची निम्म्याच्या आसपास वस्ती गेली. १६४७ला बाजारात ओरडणारे किती जण त्यात असतील! उठाव, काराफाची हत्या आणि प्लेग ही तिन्ही चित्रं एकाच फेरीत बघा, आणि उठावाचं आधी बघा.

निळावंती

+१. सान मार्तिनोला जाताना मोन्तेसान्तोहून फ्युनिक्युलर (टेकडीवर दोराने चढणारी रेल्वे) घ्या, चढ वाचतो. आणि मठाच्या बाहेरच्या कठड्यावरून खाली बंदराच्या दिशेला बघितलं तर कार्मिनेचा मनोरा ओळखू येतो.